अंड्यातला जीव आणि उबवणाऱ्याचे कर्तव्य

परसातल्या कोंबड्या वाढवण्याचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे गावातलीच गावरान अंडी जमवून ती खुडूक कोंबडीखाली बसवणे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत हे काम बहुतेक घरांत बायकाच पाहतात. अंड्यावर आलेली एक तलंग विकत घ्यायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात डझनभर अंडी सहज मिळतात. शेजारणीकडून दहा-बारा अंडी आणायची, टोपलीत भुसा किंवा वाळलेले गवत घालून ती मांडायची, वर कोंबडी बसवायची आणि एकवीस दिवस वाट पाहायची, एवढाच हा उद्योग.

पण अंडे चुलीकडे न जाता टोपलीत गेले की त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. चुलीकडे गेलेले अंडे अन्न असते, टोपलीतले अंडे होऊ घातलेले पिलू असते. दोन्ही अंडी एकाच कोंबडीची, एकाच दिवसाची असू शकतात. मग टोपलीतल्या अंड्यात जीव कुठून आला? तो आधीपासून होता, की उबेने आला? आणि ज्या माणसाने ते अंडे तिथे ठेवले, त्याच्यावर कोणते कर्तव्य येते? भारतीय धर्मपरंपरांनी या प्रश्नांचा विचार फार पूर्वीपासून केला आहे आणि त्या परंपरा हिंगोली जिल्ह्यात आजही शेजारी शेजारी नांदतात.

अंड्यात प्रत्यक्ष काय असते

तत्त्वाचा विचार करण्याआधी वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. कोंबड्याचा संग नसतानाही कोंबडी अंडे देते. असे अंडे अफलित असते आणि कितीही ऊब दिली तरी त्यातून पिलू निघत नाही. पिंजऱ्यात फक्त माद्या ठेवणाऱ्या पोल्ट्रीतली पांढरी अंडी याच प्रकारची असतात. परसात आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असेल, तर बहुतेक अंडी फलित असतात. म्हणून उबवण्यासाठीचे अंडे बाजारातून डोळे झाकून आणता येत नाही. ज्या घरी कोंबडा आहे त्या घरचे आणि आठवड्याच्या आतले अंडे निवडावे लागते.

फलित अंड्यातला जीव उबेने सुरू होत नाही. बीज फलित होते ते कोंबडीच्या पोटात. पुढे कवच तयार होईपर्यंतच्या सुमारे एका दिवसात त्याचे विभाजन चालू राहते आणि अंडे घातले जाते तेव्हा पिवळ्या बलकावरच्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी असतात. बाहेर आल्यावर अंडे थंड होते आणि वाढ थांबते. साधारण २० ते २१ अंशांच्या खाली ती थांबलेलीच राहते. ३७.५ अंशांच्या आसपास सलग ऊब मिळाली की ती पुन्हा सुरू होते. दुसरा दिवस संपता संपता हृदयाचे ठोके पडू लागतात. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली, तर लाल शिरांचे जाळे कोळ्यासारखे पसरलेले दिसते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते आणि एकविसाव्या दिवशी चोचीवरच्या टोकदार दाताने कवच फोडते.

ही माहिती आपल्या प्रश्नाला निश्चित वळण देते. फलित अंडे निर्जीव नाही आणि पुरते सजीवही म्हणता येत नाही. त्यात जीव थांबलेला आहे. हिंगोलीच्या उन्हाळ्यात याचा अनुभव येतो. पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या घरात ठेवलेल्या अंड्यांत अर्धवट ऊब पोहोचते, वाढ सुरू होते आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने आतच मरते. म्हणूनच उबवायची अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, गारव्याला जपतात. कोंबडीखाली बसवण्याआधी अंडे थंड राहू देणे हेही जीव राखणेच आहे.

अंडज: शास्त्रांनी केलेली नोंद

उपनिषदांनी जिवांची विभागणी जन्माच्या रीतीवरून केली. छांदोग्य उपनिषदात अंड्यातून, जिवंत देहातून आणि बीज फोडून उगवणारे असे तीन प्रकार आहेत. ऐतरेय उपनिषदात घामातून उपजणाऱ्यांची भर पडून ते चार होतात. याच विभागणीला मराठी संतवाङ्मयात ‘चार खाणी’ हे नाव मिळाले. बौद्ध अभिधर्मानेही चार योनी मानल्या आणि त्यांत अंडज ही एक आहे. तत्त्वार्थसूत्र हा जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही शाखांना मान्य असलेला ग्रंथ. त्यात अंड्यातला जन्म गर्भजन्मात गणला आहे. म्हणजे कवचाच्या आतली वाढ ही पोटातल्या वाढीइतकीच खरी गर्भावस्था ठरते.

संस्कृतात पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो: एकदा अंडे म्हणून, दुसऱ्यांदा कवच फोडून. उपनयन झालेल्या मनुष्यालाही हाच शब्द लावला गेला. अथर्ववेदातल्या ब्रह्मचर्यसूक्तात आचार्य शिष्याला तीन रात्री गर्भासारखा आत धारण करतो, अशी कल्पना आहे. पहिल्या जन्माने देह मिळतो, दुसऱ्या जन्मासाठी मात्र कोणाची तरी ऊब लागते, हा विचार या एका शब्दात साठलेला आहे. सृष्टीच्या उत्पत्तीचे चित्रही अंड्याचेच आहे. छांदोग्यात ते अंडे वर्षभर पडून राहते आणि मग फुटते. त्याचे रुपेरी शकल पृथ्वी होते आणि सोनेरी शकल आकाश. ‘ब्रह्मांड’ हा रोजच्या वापरातला शब्द याच कल्पनेतून आला आहे.

अंडे आधी की कोंबडी आधी, हा मुलांनी एकमेकांना घालायचा प्रश्नही दर्शनांनी गांभीर्याने घेतला. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला सांगतो, की कोंबडीपासून अंडे आणि अंड्यापासून कोंबडी या मालिकेला जसे आद्य टोक सापडत नाही, तसेच भवचक्राचे आहे. वेदान्ती हेच बीज आणि अंकुराच्या दृष्टान्ताने सांगतात. परसातल्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. टोपलीत अंडी मांडणारा जीव निर्माण करत नाही. आधीपासून वाहत आलेल्या प्रवाहाला तो वाट करून देतो.

फलित आणि अफलित या भेदाला धार्मिक महत्त्व आहे का, यावर परंपरांचे एकमत नाही. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात महात्मा गांधींनी असे मत मांडले, की अफलित अंड्यातून पिलू कधीच होत नसल्यामुळे दूध घेणाऱ्याला ते वर्ज्य मानण्याचे कारण नाही. जैन आचार आणि वारकऱ्यांचा माळकरी आचार हा भेद मानत नाहीत. त्यांना दोन्ही अंडी वर्ज्य. उबवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गांधींच्या युक्तिवादाची दुसरी बाजू महत्त्वाची ठरते. न फळणाऱ्या अंड्याबाबत कर्तव्य नसेल, तर फळणारे अंडे जाणूनबुजून निवडणाऱ्यावर ते दुप्पट येते.

ऊब: इच्छा आणि कृती

बौद्धांच्या पाली निकायांत एक दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. एका कोंबडीखाली आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. ती त्यांवर नीट बसली नाही, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी तिने कितीही इच्छा केली तरी ती येणार नाहीत. ती नीट बसली, तर तिने अशी इच्छा केली नाही तरीही पिले कवच फोडून बाहेर येतील. साधनेचेही तसेच आहे: मुक्तीची नुसती इच्छा फळत नाही, सराव फळतो. आठ, दहा, बारा ही संख्याही लक्ष देण्याजोगी आहे. हिंगोलीच्या खेड्यात आज गावरान कोंबडीखाली साधारण तेवढीच अंडी ठेवतात, कारण तिच्या पंखांखाली त्याहून फार जास्त मावत नाहीत. विनयपिटकात तर बुद्ध स्वतःलाच अविद्येचे कवच सर्वांत आधी फोडणाऱ्या पिलाची उपमा देतो; जे पिलू आधी बाहेर येते ते ज्येष्ठ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्या वस्त्यांच्या परसात ही उपमा परकी वाटत नाही. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटे, दाणापाण्यासाठी उठते. छातीची पिसे गळून त्वचा अंड्यांना टेकते. चोचीने ती अंडी फिरवत राहते, त्यामुळे गर्भ कवचाला चिकटत नाही. तीन आठवड्यांत तिचे वजन घटते. तिच्या मनात काय चालते हे कोणी सांगू शकत नाही, पण तिचे बसणे डोळ्यांना दिसते आणि फळ त्या बसण्याचे असते.

तंत्रपरंपरेत उबेचा आणखी एक अर्थ लावला आहे. कुलार्णवतंत्रात गुरूच्या दीक्षेचे प्रकार प्राण्यांच्या पालनावरून सांगितले आहेत. मासा नजरेने पिले वाढवतो, कासवी दुरून केलेल्या स्मरणाने, पक्षीण मात्र पंखांच्या उबेने. ही तिसरी ती स्पर्शदीक्षा. मराठी संतवाङ्मयात नजरेचे काम कासवीकडे आले आहे; तिच्या नजरेचे आणि पक्षिणीच्या पंखांचे दाखले वारंवार येतात. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाते आणि ते हिंगोली तालुक्यातच आहे. चाऱ्यासाठी गेलेली पक्षीण आणि तिची वाट पाहणारे पिलू ही प्रतिमा त्यांच्या अभंगांत आहे. त्याच नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढ्याच्या नागनाथ मंदिरात झाला, असे परंपरा सांगते. संतमंडळींनी ‘कच्चे मडके’ ठरवलेला भक्त गुरूच्या सहवासात पक्का झाला. द्विज या शब्दातला दुसरा जन्म तो हाच.

अधीरता आणि शंका

उबवण्यात माणसाच्या हातून होणारे दोन मोठे दोष म्हणजे अधीरता आणि शंका. प्राचीन वाङ्मयात दोन्हींवर एकेक कथा आहे आणि दोन्ही अंड्यांच्याच आहेत.

पहिली महाभारताच्या आदिपर्वातली. कश्यपाच्या पत्नींपैकी कद्रूने हजार अंडी घातली आणि विनतेने दोन. पाचशे वर्षांनी कद्रूच्या अंड्यांतून नाग निघाले. विनतेची अंडी तशीच राहिली. लाजेने आणि घाईने तिने एक अंडे फोडले. आत तिचा मुलगा अरुण होता; त्याचे वरचे शरीर घडले होते, खालचे व्हायचे होते. त्याने आईला दास्याचा शाप दिला आणि दुसऱ्या अंड्याला हात न लावता तितकाच काळ थांबायला सांगितले. ती थांबली आणि त्या अंड्यातून गरुड जन्मला. 

विनतेची चूक टोपलीशी बसलेल्या माणसाच्या हातून आजही होते. एकविसाव्या दिवशी अंड्याला भोक पडलेले दिसते, आतून चिवचिव ऐकू येते आणि पिलू अडकले असेल अशा काळजीने कवच सोलले जाते. त्या वेळी आतल्या पडद्याच्या शिरांत रक्त खेळत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. कवच सोलले की शिरा फाटतात आणि पिलू रक्तस्रावाने मरते किंवा अशक्त राहते. पहिल्या भोकापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे हे स्वाभाविक आहे. इथे करुणेचे योग्य रूप म्हणजे हात आवरणे.

दुसरी कथा ज्ञाताधर्मकथा या जैन आगमाच्या तिसऱ्या अध्ययनात आहे. चंपा नगरीतल्या दोन सार्थवाहांच्या (व्यापाऱ्यांच्या) मुलांना रानात लांडोरीची दोन अंडी सापडतात. दोघे आपापल्या घरच्या कोंबडीखाली एकेक अंडे ठेवतात. सागरदत्ताच्या मुलाला शंका येते, की यातून मोर निघेल की नाही? तो अंडे उचलतो, उलटसुलट करतो, कानाशी नेऊन हलवतो. अंडे नासते. जिनदत्ताचा मुलगा निःशंक राहतो. त्याच्या अंड्यातून मोर निघतो आणि पुढे नाचायला शिकतो. दुसऱ्याची अंडी आपल्या कोंबडीखाली बसवण्याची रीत किती जुनी आहे, हेही या कथेतून कळते.

हा आगम श्वेतांबर परंपरेचा आहे.  दिगंबर तो प्रमाण मानत नाहीत. पण शंका हा सम्यक्‌दर्शनाचा (योग्य श्रद्धेचा) पहिला अतिचार म्हणजे दोष आहे, हे तत्त्वार्थसूत्राचे म्हणणे दोन्ही शाखांना मान्य आहे.

मग तपासूच नये का? इथे चिकित्सा आणि शंका वेगळ्या करणे आवश्यक आहे. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहणे ही चिकित्सा आहे. तिने गर्भाला धक्का लागत नाही आणि पोचट अंडी काढल्याने बाकीच्यांना ऊब नीट मिळते. अरिस्टॉटलने वेगवेगळ्या दिवशी अंडी फोडून गर्भाची वाढ नोंदवली आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखे उडणारे हृदय पाहिले. त्याच्या निरीक्षणाने ज्ञान वाढले, पण प्रत्येक अंड्याचे पिलू गेले. सागरदत्ताच्या मुलाच्या हलवण्याने ना ज्ञान मिळाले ना मोर. मनाच्या अस्वस्थतेची किंमत दुसऱ्या जिवाला भरायला लावणे हा त्याचा दोष होता. श्रद्धेचा इथला अर्थ डोळे मिटणे असा नाही. योग्य वेळी पाहायचे आणि बाकीचा वेळ कोंबडीवर सोपवायचा, हा तो अर्थ आहे.

कर्तव्य कोणाकडे आणि किती

पहिले कर्तव्य कोंबडीकडे. शंकराचार्यांनी मांडूक्यकारिकांवरच्या भाष्यात कोंबडीचा दाखला दिला आहे: तिचा अर्धा भाग शिजवायचा आणि अर्धा अंडी घालायला ठेवायचा, हे जमत नाही. यालाच अर्धकुक्कुटी न्याय म्हणतात. तर्कातल्या विसंगतीसाठी दिलेला हा दाखला परसात शब्दशः लागू पडतो. अंडी हवीत पण खुडूकपणा नको, म्हणून कोंबडीला पाण्यात बुडवतात किंवा तिच्या नाकपुड्यांत पीस खोवतात. पिले हवी असली की तोच खुडूकपणा मोलाचा होतो. कोंबडी घ्यायची तर सगळी घ्यावी लागते: अंडी देणारी, अंडी न देता बसणारी आणि पिलांसाठी घारीवर धावून जाणारी. बसलेल्या कोंबडीला सावली, जवळ दाणापाणी आणि अंगावरच्या उवांवर उपाय देणे हा तिच्या श्रमाचा मोबदला आहे. हदीसच्या परंपरेतली एक हकीकत याच दिशेची आहे. घरट्यातली अंडी नेल्यामुळे एक पक्षीण घिरट्या घालत होती, तेव्हा पैगंबरांनी तिची दया येऊन अंडी परत ठेवायला सांगितले. इस्लाममध्ये अंडे खाणे हलाल आहे, तरी आईची तडफड मोजली गेली.

दुसरे कर्तव्य पिलांकडे. बसवलेल्या अंड्यांतून पिले निघणार, हे बसवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून त्यांच्यासाठी डालगे, रात्रीचे पक्के खुराडे, मुंगूस आणि बोका यांच्यापासून बंदोबस्त आणि राणीखेत रोगाची लस यांची तयारी पहिल्या दिवसापासूनच असायला हवी. सोय पाच पिलांची आणि अंडी पंधरा, असे करणे हा हिशेबाचा दोष आहे, तसाच धर्माचाही. थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून अंडी उबवणाऱ्यावर हे कर्तव्य आणखी वाढते. वीज गेली तर बल्बची जागा घेणारे कोणी नसते.

तिसरा प्रश्न नरांचा. निघालेल्या पिलांत साधारण निम्मे नर असतात आणि कळपाला एक-दोनच लागतात. अंड्यांच्या मोठ्या उद्योगात नर पिले पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. परसात नर वाढतात, पण शेवटी बहुतेक विकले किंवा कापले जातात. इथे परंपरांची उत्तरे वेगळी होतात. जैन गृहस्थधर्म संकल्पाने केलेली हिंसा पूर्ण वर्ज्य मानतो आणि पंधरा निषिद्ध व्यवसायांत जनावरांचा व्यापारही धरतो, म्हणून जैन घर या वाटेला जात नाही. माळकरी घरही मांसापासून दूर राहते. बुद्धाने उपासकाला प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार टाळायला सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला आणि अहिंसेला तत्त्व मानले, नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते आणि त्याचबरोबर विचार करायला भाग पाडते. संत गाडगेबाबांनी नवसासाठी जनावर कापण्याला आयुष्यभर विरोध केला. मुक्या जिवावर आपल्या मागणीचा भार टाकू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

ही उत्तरे एकमेकांत विरघळवता येत नाहीत आणि तशी गरजही नाही. पण एका गोष्टीवर ती सर्व येऊन मिळतात. जीव अनादी असो किंवा क्षणाक्षणाने वाहणारा असो, अंडे खाण्याजोगे असो वा नसो, थांबलेल्या जिवाला जाणूनबुजून ऊब देणारा त्या क्षणापासून त्याचा पालक होतो. हे नाते पिलाच्या पहिल्या चिवचिवाटापासून सुरू होत नाही. ते एकवीस दिवस आधी, अंडी टोपलीत मांडताना सुरू झालेले असते. बाजारात अंड्याचा भाव थोडा असतो तो कवचासकट मिळणाऱ्या अन्नाचा. उबवायला घेतलेल्या अंड्याची उरलेली किंमत धीराने, राखणीने आणि आवरलेल्या हाताने चुकवायची असते आणि तितकी अंडी बसवावीत जितकी ही किंमत त्या घराला देता येईल.